मंत्रिमंडळ आहे, विधिमंडळ नाही

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह हे स्थानक लागते. नृसिंहाच्या मंदिरासाठी हे गाव मराठवाड्यात सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला मात्र येथे मंदिराविषयी लिहावयाचे नाही. पोखर्णीसारख्या कोणत्याही गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जून-जुलैच्या सुमारास एक छोटा सोहळा होतो, त्यापासून आमच्या विषयाचा आरंभ होतो. शाळेचे मंत्रिमंडळ निवडले जाते. मतपत्रिका कापल्या जातात, चिन्हे वाटली जातात, बोटाला शाई लावली जाते. मग मुख्यमंत्री, शिक्षणमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री आणि झालेच तर सहलमंत्री शपथ घेतात. मुख्याध्यापक राज्यपालांच्या गांभीर्याने शपथ देतात. फळ्यावर खातेवाटप लिहिले जाते आणि पुढच्या जूनपर्यंत ते तसेच राहते.

या सोहळ्यात काय आहे हे सर्वांना दिसते. काय नाही, तिकडे आमचे लक्ष उशिरा गेले. शौचालयात पाणी का नव्हते, असा प्रश्न स्वच्छतामंत्र्याला विचारण्याची जागा या व्यवस्थेत कोठेही नाही. विरोधी पक्षनेता नाही, सभापती नाही, ठराव नाही, अंदाजपत्रक तर नाहीच. मंत्री आहेत, पण ते ज्या सभागृहाला जबाबदार असावयाचे ते सभागृहच नाही. राज्यघटनेच्या धड्यात शिक्षक ज्या क्रमाने शिकवतात, आधी विधिमंडळ आणि त्यातून मंत्रिमंडळ, त्याच्या नेमका उलट प्रकार शाळेच्या पटांगणावर चालतो. किंबहुना पहिले पाऊल गाळून थेट दुसरे पडते.

बालिश खेळातून फार मोठा अर्थ काढू नये, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे इतकेच की हा खेळ पुढे महाविद्यालयात आणि विद्यापीठात त्याच नियमांनी खेळला जातो, आणि तेथे तो खेळ राहत नाही.

विद्यार्थी-शासनाचे विधिमंडळ म्हणजे नेमके काय, हे आधी पाहिले पाहिजे, कारण आपल्याकडे ही कल्पनाच अपरिचित आहे. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे शासन त्यांच्या देशाच्या घटनेबरहुकूम तीन अंगांचे असते. अध्यक्ष आणि त्याचे सहकारी हे कार्यकारी अंग, निवडून आलेल्या प्रतिनिधींची सेनेट हे विधायी अंग, आणि नियमांचा अर्थ लावणारे एक छोटे न्यायमंडळ. सेनेटमध्ये सदस्य विधेयक मांडतो, ते समितीकडे जाते, दुरुस्त्यांसह परत येते, त्यावर चर्चा आणि मतदान होते. अध्यक्षाला ते नाकारता येते आणि सेनेटला बहुधा दोन-तृतीयांश मतांनी तो नकार मोडून काढता येतो. हे सारे कर्मकांड वाटावे असे आहे. परंतु त्यामागे पैसा आहे. प्रत्येक विद्यार्थ्याकडून सक्तीने घेतलेल्या उपक्रम-शुल्कातून कोणत्या मंडळाला किती द्यावयाचे, यावर सेनेट मतदान करते. विस्कॉन्सिन राज्याने १९७४ च्या सुमारास अशा शुल्काच्या वाटपाची मुख्य जबाबदारी कायद्यानेच विद्यार्थ्यांकडे सोपवली होती. पुढे तेथील काही विद्यार्थी न्यायालयात गेले. ज्या संघटनांचे विचार आम्हांला अमान्य आहेत त्यांना आमच्या शुल्कातून पैसे का, असा त्यांचा प्रश्न होता. २००० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की सक्तीचे शुल्क घेता येईल, मात्र वाटप करताना संघटनेच्या मतांकडे पाहून भेद करता येणार नाही. २०१५ मध्ये विस्कॉन्सिनने विद्यार्थ्यांचा तो अधिकार बराच आकसून घेतला, हेही सांगितले पाहिजे. अधिकार दिला जातो तसा काढूनही घेतला जातो. पण विद्यार्थ्यांनी पैसे कसे वाटावे हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याइतका खरा होता.

आपल्याकडे हे कधीच नव्हते, असे समजण्याचे कारण नाही. १८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. प्रा. पॅटन यांचे प्रोत्साहन तिला होते. दादाभाई नौरोजी तिच्या अग्रणी तरुणांपैकी होते. निबंध वाचावयाचे आणि त्यावर वाद करावयाचा, असे तिचे मूळ काम. तिच्या मराठी शाखेचे, उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे होते. मराठी गद्याच्या अभ्यासकांना ही सभा परिचित आहे. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ या मासिकामुळे तिचा उल्लेख वाङ्मयाच्या इतिहासात येतोच. परंतु तो येतो तो लेखांच्या निमित्ताने. सभेचे रूप, म्हणजे सभासदत्व, वर्गणी, नियम, चर्चा आणि निर्णय यांचा जो व्यवहार त्या विद्यार्थ्यांनी अंगवळणी पाडून घेतला, तिकडे आपण साहित्याचे लोक सहसा वळत नाही. वास्तविक निर्णयाचे सामर्थ्य तेथेच दिसते. १८४९ मध्ये या सोसायटीने मराठी आणि पारशी मुलींसाठी शाळा काढल्या, आणि आरंभी तिच्या तरुण सभासदांनी स्वतः, विनावेतन, तेथे शिकवले. स्त्रीशिक्षणावर निबंध वाचणे आणि शाळा उघडणे यांच्यामध्ये एक पायरी असते. सर्वांनी मिळून ठरवण्याची आणि ठरवलेले सर्वांवर बंधनकारक मानण्याची ती पायरी होय. विधिमंडळाचे बीज आम्हांला तेथे दिसते.

मुंबईतले हे बीज परभणीत रुजण्याची सोय नव्हती. परभणी निजामाच्या राज्यात होती. हैदराबादेत १८९३ पासून एक कायदेमंडळ होते खरे, पण त्यात सरकारी आणि नियुक्त सभासदांचाच भरणा. सार्वजनिक सभा घ्यावयाची तर ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाखाली पूर्वपरवानगी हवी. अशा राज्यात नुसते सभा भरवून ठराव करणे हेच राजकारण होते. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले, ते याच अर्थाने महत्त्वाचे. परतूर आज जालना जिल्ह्यात असले तरी त्या वेळी परभणी जिल्ह्यात होते. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसची उभारणी सुरू झाली आणि स्थापनेआधीच तिच्यावर बंदी आली. तिची मागणी एका शब्दप्रयोगात सामावली होती: जबाबदार राज्यपद्धती. आज हे शब्द आपण गुळगुळीत नाण्यासारखे वापरतो. तेव्हा त्यांना नेमका अर्थ होता. राज्यकारभार करणारे मंत्री लोकांनी निवडलेल्या सभागृहाला जबाबदार असावेत, सभागृहाने त्यांना विचारावे आणि न पटल्यास घरी पाठवावे. ऑक्टोबर १९३८ मध्ये या मागणीसाठी सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. ते मुळात शिक्षक होते, हे येथे लक्षात ठेवलेले बरे. पुढे आम्हांला त्याचे काम पडेल.

त्याच हिवाळ्यात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली. विद्यार्थ्यांनी संप केला. संप उस्मानिया विद्यापीठात पोचला आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांत होते. या संपाचे वर्णन देशभक्तीच्या भाषेत नेहमी होते आणि ते योग्यच आहे. पण वसतिगृहातल्या प्रार्थनेविषयीचा नियम कोणी करावयाचा, असाही एक साधा प्रश्न त्या संपाच्या पोटात होता. नियम वरून आला होता आणि तो बदलण्यासाठी जाण्यासारखे सभागृह नव्हते. मग संप हाच एक मार्ग उरला. सभागृह नसले म्हणजे रस्ता हे सभागृह होते. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनातही, वसमतचा गोळीबार ज्यात झाला त्या आंदोलनातही, विद्यार्थी कृती समितीच्या नावाने एकत्र आले. ‘कृती समिती’ हे मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनातले फार बोलके नाव आहे. प्रश्न पेटला की ती उभी राहते, शमला की विसर्जित होते. तिचे इतिवृत्त कोणी जपून ठेवत नाही.

आता या इतिहासातला आम्हांला सर्वांत विचित्र वाटणारा तुकडा. १९८९ ते १९९४ ही पाच वर्षे पाहा. मार्च १९८९ मध्ये एकसष्टावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. एप्रिल १९९३ मध्ये त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. म्हणजे राज्यव्यवस्थेने महाविद्यालयीन वयाच्या मुलामुलींना लोकसभेपासून ग्रामसभेपर्यंत दारे उघडली. आणि याच काळात महाराष्ट्रातली महाविद्यालये उलट दिशेने चालली होती. १९८९ साली मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. हाणामाऱ्या, पळवापळवी, बाहेरच्या पक्षांचा पैसा यांनी लोक आधीच विटले होते. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांचे प्रकरण मिटवून टाकले.

त्या कायद्यातले महाविद्यालयीन विद्यार्थी परिषदेचे कलम वाचकांनी एकदा सावकाश वाचून पाहावे. परिषदेचे अध्यक्ष प्राचार्य. प्राचार्यांनी नेमलेला एक अध्यापक. राष्ट्रीय छात्रसेना आणि राष्ट्रीय सेवा योजना यांचे प्रमुख अध्यापक. प्रत्येक वर्गातून मागील परीक्षेत गुणवत्ता दाखवलेला एक विद्यार्थी, प्राचार्यांनी नामनिर्देशित केलेला. क्रीडा, सांस्कृतिक कार्य, छात्रसेना आणि सेवा योजना यांतून प्रत्येकी एक, तेही नामनिर्देशित. दोन विद्यार्थिनी, त्याही नामनिर्देशित. या सर्व विद्यार्थी सभासदांनी आपल्यातून एक सचिव निवडावयाचा. महाविद्यालयाच्या आवारात तोच ‘जीएस’. परिषदेने विद्यार्थ्यांचे कल्याण पाहावे, अभ्यासेतर उपक्रमांचा मेळ घालावा आणि राजकारणात पडू नये, असा कलमाचा आशय. १८९३ च्या हैदराबादच्या कायदेमंडळाची आठवण व्हावी अशी ही रचना आहे, असे आम्ही म्हटले तर काही वाचक रागावतील. पण नियुक्त सभासद बहुसंख्य आणि अध्यक्षस्थानी स्वतः शासनकर्ता, हे दोन्हीकडे समान आहे.

पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला प्रतिनिधी करण्यात एक गोड गैरसमज आहे. तो वर्गाचा आदर्श असेल, वर्गाचा आवाज असेलच असे नाही. ज्याला परीक्षेत चाळीस गुण पडले त्याच्या अडचणी ब्याऐंशीवाल्याला ठाऊक असण्याचे कारण काय? पोखर्णीहून रोज गाडीने परभणीला येणाऱ्या मुलाचा पहिला तास का बुडतो, हे गुणपत्रिका सांगू शकत नाही.

परभणी जिल्ह्याच्या बाबतीत एक योगायोग असा की हा कायदा लागू झाला त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेडला नवे विद्यापीठ स्थापन झाले आणि जिल्ह्यातली महाविद्यालये औरंगाबादच्या विद्यापीठाकडून त्याच्याकडे गेली. दिवस मराठवाडा मुक्तीचा. नाव स्वामी रामानंद तीर्थांचे. जबाबदार राज्यपद्धतीसाठी तुरुंगात गेलेल्या शिक्षकाच्या नावाचे हे विद्यापीठ आपल्या पहिल्या दिवसापासून नामनिर्देशित विद्यार्थी परिषदेच्या कायद्याखाली वाढले. यात त्या विद्यापीठाचा काही दोष नाही. कायदा साऱ्या राज्याला एकच होता.

पुढे वारे पुन्हा फिरले. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने विद्यार्थी निवडणुकांविषयी शिफारशी केल्या आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या लागू करण्याचा आदेश दिला. उमेदवाराचे वय, पंचाहत्तर टक्के हजेरी, पाच हजार रुपयांची खर्चमर्यादा, छापील भित्तिपत्रकांना मनाई, पदाधिकारी होण्यासाठी एकच संधी, अशा त्या अटी. महाराष्ट्राने २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात थेट निवडणूक परत आणली. १ मार्च २०१७ पासून कायदा अमलात आला. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गांतून आळीपाळीने एक प्रतिनिधी, हे सर्व विद्यार्थ्यांनी निवडावयाचे. शिवाय प्रत्येक वर्गाचा निवडलेला प्रतिनिधी. २०१९ मध्ये निवडणुका होणार म्हणून तयारी सुरू झाली आणि राज्यात विधानसभेची निवडणूक तोंडावर आल्याने त्या पुढे ढकलण्यात आल्या. मोठ्या विधिमंडळासाठी धाकट्याने थांबावे, यात घरातल्या वडीलधाऱ्यांची रीत दिसते. त्यानंतर २०२० ची महामारी आली.

या साऱ्या वादात दोन्ही बाजू निवडणुकीविषयी बोलत राहिल्या, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. एक बाजू म्हणते निवडणूक म्हणजे गुंडगिरी, दुसरी म्हणते निवडणूक म्हणजे लोकशाही. निवडून आल्यानंतर परिषद बसते कोठे, तिच्यापुढे कोणता विषय येतो, स्नेहसंमेलनाच्या निधीचा हिशेब तिच्यापुढे ठेवावा लागतो की नाही, तिचा ठराव प्राचार्यांनी नाकारला तर कारण लेखी द्यावे लागते की नाही, या प्रश्नांवर कोणी मोर्चा काढल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. लिंगडोह समितीचाही सारा भर उमेदवार, प्रचार आणि खर्च यांवरच आहे. शाळेतल्या मंत्रिमंडळाचे संस्कार किती खोल असतात ते येथे दिसते. शपथविधी झाला की लोकशाही झाली.

शिक्षक म्हणून आम्हांला विरुद्ध बाजूची भीती कळते. तालुक्याच्या महाविद्यालयात निवडणुकीच्या आदल्या रात्री काय होत असे, कोणत्या जातीचे किती वर्ग याची गणिते कोण मांडत असे, याच्या कहाण्या आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून आम्ही ऐकल्या आहेत. त्या खोट्या नाहीत. मात्र आमचा तर्क असा की परिषदेला काम नव्हते म्हणूनच पदाला इतकी किंमत आली. ज्या पदावर बसून काहीही ठरवता येत नाही, त्या पदाचा उपयोग फक्त फलकावर छायाचित्र लावण्यापुरता उरतो आणि छायाचित्रासाठी माणसे हाणामारीवर येतात. अंदाजपत्रकाच्या सतराव्या बाबीवर दोन तास चर्चा करण्यासाठी कोणी गाड्या भरून माणसे आणत नाही.

तुलनेसाठी दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. अठरा पूर्ण झालेला पोखर्णीचा कोणताही तरुण २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उभा राहून सरपंचांना खर्चाचा हिशेब विचारू शकतो. तो हक्क त्याला कायद्याने आहे. ग्रामसभा कशी चालते हे आम्हांला ठाऊक आहे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार लागतात. तेवढे जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. तरीही हक्क कागदावर आहे आणि कधीतरी एखादा हट्टी माणूस तो वापरतो. तोच तरुण दुसऱ्या दिवशी गाडीने परभणीला महाविद्यालयात येतो. प्रवेशाच्या वेळी त्याने भरलेल्या पावतीवर विद्यार्थी कल्याण, जिमखाना, स्नेहसंमेलन, नियतकालिक अशा रकमा वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. त्यांचा हिशेब विचारण्यासाठी त्याला सभा नाही.

एक सभा मात्र होती आणि ती आम्ही साहित्याचे लोक विसरता कामा नये. ती म्हणजे वसतिगृहाच्या मेसची. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त पांडुरंग सांगवीकर मेसचा सेक्रेटरी होतो आणि त्या कारभारात बुडतो. त्या भागाकडे समीक्षकांनी नायकाच्या एकाकीपणाच्या अंगाने पुष्कळ पाहिले. आम्हांला तो विद्यार्थ्यांच्या स्वशासनाचा मराठी साहित्यातला एक दुर्मीळ दस्तऐवज वाटतो. विद्यार्थ्यांनी चालवलेल्या मेसमध्ये पैसा सभासदांचा असे, स्वयंपाकी सभासदांचा, तोटाही सभासदांचाच. महिन्याअखेरीस दर डोई किती बसले ते सांगावे लागे. पोळ्या जाड का, गोड जेवण महिन्यातून एकदा की दोनदा, पाहुण्याचे ताट कितीला, सुट्टीला गावी गेलेल्याचे खाडे किती दिवसांनंतर धरायचे, यावर सूचना येत, अनुमोदन मिळे, हात वर होत. सेक्रेटरी बदलता येई. कार्यकारी अंग सभागृहाला जबाबदार असणे म्हणजे काय, हे आमच्यापैकी कित्येकांना विद्यापीठाच्या कोणत्याही परिषदेपेक्षा आमटीच्या निमित्ताने अधिक कळले.

आमच्यापैकी एकाने आपल्या वसतिगृहाच्या मेसची एक वही वर्षानुवर्षे जपून ठेवली आहे. तेलाचे डाग पडलेली, कडा दुमडलेली. प्रत्येक महिन्याच्या पानावर पहिली ओळ तीच आहे: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. त्याखाली हजर सभासदांच्या सह्या, आणि एका पानावर, गव्हाचा भाव चढला त्या महिन्यात, सेक्रेटरीने राजीनामा दिल्याची आणि सभेने तो नामंजूर केल्याची नोंद.